एका थेंबात शंभर प्रश्न

अंतराळात तयार होऊन पृथ्वीवर विकायला आलेली पहिली वस्तू कोणती, असे विचारले तर कुणाच्या डोळ्यांसमोर दुर्मीळ औषध येईल, कुणाच्या एखादा अनोखा मिश्रधातू. प्रत्यक्षात ते होते प्लॅस्टिकचे मणी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या चॅलेंजर यानात पॉलिस्टायरिनचे, म्हणजे ज्यापासून थर्माकोल बनतो त्याच पदार्थाचे, सूक्ष्म गोळे वाढवले गेले. प्रत्येकाचा व्यास १० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. १९८५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने ते कुप्यांत भरून विक्रीला काढले.

एवढ्या क्षुल्लक वस्तूसाठी थेट अंतराळ गाठण्याचे कारण होते गुरुत्वाकर्षण. द्रवात वाढणारे हे गोळे जरा मोठे झाले की तळाशी बसतात किंवा वर तरंगतात, ढवळले तर एकमेकांना चिकटतात. मग कुणी लहान, कुणी मोठा, कुणी वेडावाकडा. वजनरहित अवस्थेत ही अडचण नव्हती. गंमत म्हणजे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथे जॉन उगेलस्टाड या रसायनशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच याच्यावर जमिनीवरचा तोडगा शोधला होता. आधी अगदी बारीक बीजकण तयार करायचे आणि मग ते ठरावीक प्रमाणात फुगवायचे, ही त्याची युक्ती. तिच्यामुळे एकसारखे मणी कारखान्यात, हव्या तेवढ्या प्रमाणात मिळू लागले.

हे मणी मुळात मापाचे साधन म्हणून हवे होते: सूक्ष्मदर्शकाची आणि कण मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी करण्यासाठी. पण त्यांचा दुसरा गुण वैद्यकाला आधीपासून ठाऊक होता. पॉलिस्टायरिनच्या पृष्ठभागाला प्रथिने सहज चिकटतात. १९५६ मध्ये जॅक सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा कणांवर प्रथिन चढवले आणि त्यात संधिवाताच्या रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, मिसळले. सीरममध्ये विशिष्ट घटक असेल तर कणांच्या गुठळ्या होत आणि त्या नुसत्या डोळ्यांनी दिसत. ही 'लेटेक्स टेस्ट' आजही लहानमोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज केली जाते. तिची मर्यादा एकच: एका वेळी एक प्रश्न, आणि उत्तरही बहुधा हो किंवा नाही एवढेच.

ती मर्यादा ओलांडायला दुसऱ्या एका यंत्राची गरज होती. ते यंत्र स्वतंत्र वाटेने मोठे होत होते.

रक्तातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजणे हे वेळखाऊ आणि डोळे दुखवणारे काम. पेशी बारीक नळीतून एकामागोमाग वाहत्या ठेवाव्यात आणि यंत्राने त्या मोजाव्यात, ही कल्पना अँड्र्यू मोल्डावनने १९३४ मध्ये मांडली. १९५३ साली दोन गोष्टी घडल्या. वॉलेस कुल्टरला अमेरिकेत अशा मोजणीयंत्राचे पेटंट मिळाले. सूक्ष्म छिद्रातून पेशी जाताना विजेच्या प्रवाहात पडणारा खंड ते यंत्र मोजत असे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्रॉसलँड-टेलरने दाखवले की पेशी असलेल्या धारेभोवती दुसऱ्या द्रवाचे वेगवान वेष्टण दिले, तर आतली धार इतकी बारीक होते की पेशी आपोआप एका रांगेत येतात. आजच्या फ्लो सायटोमीटरचा गाभा हाच आहे. रांगेतल्या प्रत्येक पेशीवर लेसरचा किरण पडतो, तिच्यावरून विखुरलेला प्रकाश तिचा आकार सांगतो आणि तिला लावलेले प्रतिदीप्त रंग, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात उजळणारे रेणू, ती कोणत्या जातीची ते सांगतात. १९६५ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलवायलरने पेशी वेगळ्या काढणारे यंत्र बनवले. त्यासाठी शाईचे थेंब उडवणाऱ्या छपाईयंत्राचे तंत्र त्याने उचलले. पुढे स्टॅनफर्डमध्ये लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी त्याला प्रतिदीप्त रंगांची जोड दिली आणि १९७४ पासून अशी यंत्रे बाजारात मिळू लागली.

या यंत्रात मण्यांचा पहिला शिरकाव झाला तो दुय्यम भूमिकेत. रोज सकाळी यंत्र नीट चालते आहे की नाही हे पाहायला ठरावीक आकाराचे, ठरावीक तेजाचे मणी त्यातून सोडत. पण याच दुय्यम मण्यांनी एक मोठे काम केले.

एचआयव्ही बाधित व्यक्तीच्या रक्तात सीडी४ पेशी, म्हणजे हा विषाणू ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती उरल्या, यावर उपचाराचे निर्णय अवलंबून असत. फ्लो सायटोमीटर टक्केवारी चोख देतो, पण 'एका मायक्रोलिटरमध्ये किती पेशी' हे सांगण्यासाठी यंत्रातून नेमके किती रक्त गेले ते कळायला हवे. ते मोजणे अवघड. त्यावरचा उपाय फार साधा आहे. रक्ताच्या नमुन्यात मोजून घातलेले मणी मिसळायचे. समजा ५० मायक्रोलिटर रक्तात ५०,००० मणी घातले आणि यंत्राने १०,००० मणी मोजेपर्यंत ४,००० सीडी४ पेशी मोजल्या. मण्यांचा पाचवा हिस्सा यंत्रातून गेला, म्हणजे रक्ताचाही पाचवा हिस्सा, १० मायक्रोलिटर, गेला. त्यात ४,००० पेशी. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ४००. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. सीडी४चा आकडा हा त्या काळात औषध सुरू करण्याचा निकष होता. २०१७ पासून आकडा काहीही असला तरी औषध सुरू करण्याचे धोरण आले. तोपर्यंत आणि त्यानंतरही, हे आकडे देणाऱ्या अनेक चाचण्यांच्या मुळाशी अशी मण्यांची मोजणी होती.

मण्यांना मुख्य भूमिका देण्याची कल्पना १९७०च्या दशकात पुढे आली. पॉल होरन आणि लिऑन व्हीलेस यांनी १९७७ मध्ये सुचवले की पेशींऐवजी मणीच यंत्रातून सोडावेत. वेगवेगळ्या आकाराच्या मण्यांवर वेगवेगळी प्रतिजने, म्हणजे शरीर ज्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते ते रेणू, चढवायची. सगळे मणी एकाच नळीत रुग्णाच्या सीरमबरोबर मिसळायचे. मग यंत्र आकारावरून मणी ओळखेल आणि त्याच्या चमकेवरून त्याला अँटिबॉडी किती चिकटली ते सांगेल. कल्पना चोख होती, पण यंत्राला खात्रीने वेगळे ओळखता येतील असे आकार मोजकेच. तीनचार प्रश्नांच्या पलीकडे गाडी जाईना.

१९९०च्या दशकात टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ल्युमिनेक्स कंपनीने आकाराचा नाद सोडून रंग धरला. सगळे मणी एकाच मापाचे, साधारण ५.६ मायक्रॉनचे. प्रत्येकाच्या आत दोन रंगद्रव्ये भिनवलेली: एक तांबडे आणि दुसरे अवरक्ताच्या जवळचे. प्रत्येक रंगद्रव्याच्या दहा पायऱ्या ठरवल्या. दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर वेगळ्या छटा. माणसाच्या डोळ्याला त्या सगळ्या सारख्याच निळसर दिसतात, पण यंत्र त्यांना नेमके ओळखते. पुढे तिसरे रंगद्रव्य घालून ही संख्या ५००वर गेली.

मुंबईच्या डबेवाल्याला डब्यात पोळीभाजी आहे की आमटीभात, हे बघावे लागत नाही. झाकणावरच्या रंगीत खुणा डबा कुठला आणि कुणाचा ते सांगतात. मण्याच्या आतली छटा ही तशी झाकणावरची खूण आहे. तिचा उत्तराशी संबंध नाही. ती फक्त सांगते, हा मणी अमुक प्रश्नाचा. उत्तर मण्याच्या पृष्ठभागावर असते आणि ते वेगळ्या रंगात येते.

प्रत्यक्ष चाचणीत काय होते? शंभर छटांच्या मण्यांवर शंभर वेगवेगळी प्रतिजने पक्की बसवलेली असतात. या मिश्रणात रुग्णाच्या सीरमचे काही मायक्रोलिटर घालतात. सीरममधली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, आपापल्या जोडीदाराचा मणी शोधून त्याला चिकटतात. नंतर मणी धुवून घेतात आणि मानवी प्रतिपिंडाला पकडणारा, आणि हिरव्या लेसरखाली नारिंगी चमकणारा रंग जोडलेला रेणू घालतात. हा रंग म्हणजे फायकोएरिथ्रिन. तो समुद्रातल्या तांबड्या शेवाळाकडून मिळतो. शेवाळ त्याचा उपयोग पाण्याखालचा मंद प्रकाश टिपायला करते. १९८२ मध्ये व्हर्नन ओई, अलेक्झांडर ग्लेझर आणि ल्युबर्ट स्ट्रायर यांनी तो प्रयोगशाळेतला रंग म्हणून किती तेजस्वी ठरतो ते दाखवले.

मग मणी यंत्रात जातात. तांबडा लेसर प्रत्येक मण्याला त्याचे नाव विचारतो, हिरवा लेसर त्याच्यावर किती नारिंगी चढले ते मोजतो. एका छटेचे निदान पन्नास ते शंभर मणी मोजले जातात आणि त्यांच्या तेजाचा मध्यक घेतला जातो. हाच अहवालात दिसणारा 'एमएफआय' आकडा. सरासरीऐवजी मध्यक घेण्यामागे कारण आहे. दोन मणी चिकटून गेले किंवा कचऱ्याचा एखादा कण चमकला तर सरासरी लगेच भरकटते. रांगेतला मधला आकडा मात्र फारसा हलत नाही. म्हणजे शंभर प्रश्नांपैकी प्रत्येक प्रश्न पन्नासशंभर वेळा स्वतंत्रपणे विचारला जातो, आणि हे सगळे एका छोट्या खळग्यात, सीरमच्या काही मायक्रोलिटरवर. लहान बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्त असो की वीस वर्षे गोठवून ठेवलेला नमुना, तिथे थेंब वाचतो हीच मोठी कमाई.

हा फायदा ज्या अभ्यासात जगाला दिसला, त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांविरुद्ध होती. चारही प्रकारांची प्रतिपिंडे एकाच वेळी मोजण्यासाठी लस बनवणाऱ्या मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मण्यांचीच चाचणी बसवली होती. त्या वेळी लसीचे तीन डोस देत. दोन पुरतील का, हे तपासण्यासाठी इंटरनॅशनल एजन्सी फॉर रिसर्च ऑन कॅन्सर या संस्थेने २००९ मध्ये भारतात एक मोठा अभ्यास सुरू केला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि पुण्याचे जहांगीर क्लिनिकल डेव्हलपमेंट सेंटर ही त्यातली केंद्रे. १० ते १८ वर्षांच्या २०,००० अविवाहित मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरले.

२०१०च्या एप्रिलमध्ये काम एकाएकी थांबले. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये चालू असलेल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूवरून गदारोळ उठला आणि सरकारने सगळीकडेच एचपीव्ही लसीचे अभ्यास थांबवले. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र ताशेरे आले. तोवर या अभ्यासात १७,७२९ मुलींना लस टोचून झाली होती. डोस मधेच थांबल्यामुळे कुणाला तीन मिळाले, कुणाला दोन, आणि ४,९५० मुलींना फक्त एकच. कुणीही न आखलेला असा एकडोसी गट आपोआप तयार झाला.

संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. ठरावीक काळाने घेतलेले रक्त तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीत तपासले गेले. हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीने, चार प्रकारांची प्रतिपिंडे मण्यांवर मोजली गेली. लग्नानंतर या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींचे नमुने घेतले. त्यात विषाणूचा कोणता प्रकार आहे, हेही मण्यांनीच ओळखले. फक्त या वेळी मण्यांवर प्रथिनांऐवजी डीएनएचे तुकडे होते. एकाच नमुन्यात डझनाहून अधिक प्रकारांचा शोध एका झटक्यात घेता येत होता.

एका डोसानंतरची प्रतिपिंडे तीन डोसांपेक्षा कमी होती, पण ती वर्षानुवर्षे टिकून राहिली. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या निष्कर्षानुसार १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसाने ९५.४ टक्के संरक्षण दिले. दोन आणि तीन डोसांचे आकडे ९३ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे फरक जवळपास नाहीच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एक डोसही चालेल, असे धोरण जाहीर केले. त्याला आफ्रिकेतल्या अभ्यासांचाही आधार होता, पण लांब पल्ल्याचा एक मोठा पुरावा बार्शी, पुणे आणि इतर केंद्रांतल्या या मुलींचा होता.

जिथे या मण्यांवर रोजच्या रोज जीवनमरणाचे निर्णय होतात ते क्षेत्र मात्र वेगळे आहे: अवयव प्रत्यारोपण.

आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिने असतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत आणि माणसामाणसांत त्यांचे हजारो प्रकार आढळतात. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासून असतील तर नवे मूत्रपिंड काही तासांत, कधी काही मिनिटांत काळवंडते. पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये या प्रतिपिंडांची चाचणी सीरमच्या अगदी सूक्ष्म थेंबावर बसवली. १९६९ मध्ये आर. पटेल यांच्याबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे प्रत्यारोपणाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. शस्त्रक्रियेआधीचे क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशींवर रुग्णाच्या सीरमची चाचणी, पॉझिटिव्ह असलेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांचे नवे मूत्रपिंड तत्काळ निकामी झाले होते. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांपैकी फक्त ८ जणांचे. तेव्हापासून क्रॉसमॅचशिवाय मूत्रपिंड बसवणे हा निष्काळजीपणा ठरतो.

जुन्या क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या जिवंत पेशी रुग्णाच्या सीरममध्ये घालून त्या मरतात का, हे पाहत. प्रतिपिंडे आहेत, एवढे कळे. कोणत्या एचएलएविरुद्ध, हे कळत नसे. २००३च्या सुमारास आलेल्या 'सिंगल अँटिजेन' मण्यांनी चित्र पालटले. प्रत्येक छटेच्या मण्यावर फक्त एकच एचएलए प्रथिन. रुग्णाचे सीरम या मण्यांवर चढवले की त्याच्याकडे कोणकोणत्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे आहेत आणि ती किती तीव्र आहेत, याची यादीच हाती येते. मग दात्याचे एचएलए कळताच, त्याच्या पेशी प्रयोगशाळेत पोहोचायच्या आधी, यादी ताडून अंदाज बांधता येतो. याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांमार्फत मेंदूमृत दात्याचे अवयव वाटले जातात, तेव्हा घड्याळ धावत असते; अशा वेळी आधीपासून तयार असलेली यादी फार मोलाची ठरते.

भारतात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांकडून येतात, आणि इथे मण्यांनी एक नाजूक गोष्ट पुढे आणली. गरोदरपणात आईच्या रक्ताचा बाळाच्या पेशींशी संपर्क येतो. बाळाचे निम्मे एचएलए वडिलांकडून आलेले. त्यामुळे अनेक स्त्रियांच्या रक्तात नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि वर्षानुवर्षे टिकू शकतात. अशा स्त्रीला पुढे मूत्रपिंडाची गरज पडली आणि नवरा द्यायला तयार असला, तरी तोच दाता तिच्यासाठी धोक्याचा ठरू शकतो. मुलाने दिले तरी हाच प्रश्न, कारण त्याच्याकडेही वडिलांचे एचएलए असते. पूर्वी चढवलेले रक्त आणि आधीचे प्रत्यारोपण हीदेखील अशा प्रतिपिंडांची कारणे.

जनुकांच्या तपासणीत मण्यांची चाल थोडी वेगळी असते. डीएनएच्या एका धाग्याला त्याचा पूरक धागाच जुळतो. मण्यावर ठरावीक क्रमाचा छोटा धागा बसवला की नमुन्यातला जुळणारा तुकडा त्याला येऊन चिकटतो. यात एक हुशारी अशी की मण्यावर रोगाच्या जनुकाचा धागा बसवावाच लागत नाही. मण्यावर एक कृत्रिम 'पत्ता' असतो आणि रोगाशी संबंधित प्रक्रिया आधी नळीतच उरकली जाते. प्रक्रियेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या शेपटाला त्या पत्त्याचा पूरक क्रम जोडलेला असतो. म्हणून तोच मण्यांचा संच आज एका रोगासाठी, उद्या दुसऱ्यासाठी वापरता येतो.

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार याचे जुने उदाहरण. या आजाराचे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यात २,०००हून अधिक बदल नोंदले गेले आहेत, पण अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी संघटनेने वाहक तपासणीसाठी, म्हणजे स्वतः निरोगी असूनही सदोष जनुक बाळगणाऱ्यांच्या शोधासाठी, २३ बदलांची यादी ठरवली. कॅनडाच्या टीएम बायोसायन्स कंपनीची मण्यांवर आधारलेली चाचणी २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. याच कंपनीने बनवलेल्या श्वसनमार्गाच्या विषाणूंच्या चाचणीला २००८च्या जानेवारीत परवानगी मिळाली. ती एका नमुन्यात डझनभर विषाणू व उपप्रकार शोधे. पुढच्याच वर्षी तिची अनपेक्षित परीक्षा झाली. २००९च्या वसंतात न्यूयॉर्कमधल्या काही नमुन्यांत इन्फ्लुएंझा 'ए'चा मणी चमकला, पण एच१ किंवा एच३ या माणसांतल्या नेहमीच्या उपप्रकारांचे मणी मात्र गप्प राहिले. ही विसंगती हीच नव्या, स्वाइन फ्लूच्या विषाणूची खूण ठरली.

क्षयरोगातही मणी कामाला आले. क्षयाच्या जंतूच्या डीएनएत ४३ ठरावीक तुकडे असतात किंवा नसतात, आणि त्या असण्या-नसण्यावरून जंतूचा वंश ओळखतात. पूर्वी ही चाचणी पातळ पटलावर, दोन दिवस खपून करत. ४३ तुकडे म्हणजे ४३ छटा. मण्यांवर ती सहज बसली. कर्करोगाच्या अभ्यासातही मण्यांचा उपयोग झाला. २००५ मध्ये बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये जून लू आणि टॉड गोलब यांच्या गटाने ३३४ नमुन्यांतल्या २१७ सूक्ष्म आरएनएंची, म्हणजे जनुकांचे काम आवरणाऱ्या छोट्या रेणूंची, मोजणी मण्यांवर केली. मूळ कोणत्या अवयवातून आला हे ओळखू न येणाऱ्या १७ गाठींपैकी १२ गाठींचे मूळ या सूक्ष्म आरएनएंनी बरोबर सांगितले; नेहमीच्या जनुकांच्या मोजणीने फक्त एकाचे. त्याच संस्थेने पुढे जनुकांवर औषधांचा परिणाम तपासणारा प्रचंड संग्रह उभा केला. तिथे ५०० छटांवर जवळपास हजार जनुके मोजायची होती. त्यांनी एकेका छटेचे दोन गट केले, एकावर एक जनुक, दुसऱ्यावर दुसरे, आणि ते दोनास एक या प्रमाणात मिसळले. आलेखावर दोन शिखरे दिसतात. उंच शिखर पहिल्या जनुकाचे, बुटके दुसऱ्याचे. या युक्तीने तेरा लाखांहून अधिक नोंदी जमल्या.

या तंत्राच्या उणिवाही त्याच्या रचनेतच आहेत. मणी विचारलेल्याच प्रश्नांची उत्तरे देतो. सिस्टिक फायब्रोसिसची २३ बदलांची यादी मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून ठरली. तिच्यातला सर्वांत ठळक बदल भारतीय रुग्णांत तुलनेने कमी आढळतो. म्हणून त्या यादीवरचा 'निगेटिव्ह' निकाल भारतीय दांपत्याला तेवढाच दिलासा देऊ शकत नाही. नवे बदल हुडकायचे असतील तर जनुकांचे वाचन, म्हणजे सिक्वेन्सिंग, हाच मार्ग आहे आणि ते स्वस्त होत गेले तसे मण्यांचे बरेच काम त्याच्याकडे गेले. प्रतिपिंडांच्या मोजणीत मात्र सिक्वेन्सिंगचा उपयोग नाही. तिथे मणी अजून पाय रोवून आहेत. 

दुसरी उणीव आकड्याची. एमएफआय हे तेजाचे माप आहे, प्रतिपिंडांचे वजन किंवा संख्या नव्हे. कारखान्यात मणी बनताना काही एचएलए प्रथिनांचा आकार बिघडतो आणि त्या बिघडलेल्या आकारालाच चिकटणारी निरुपद्रवी प्रतिपिंडे आकडा फुगवतात. उलटही घडते. प्रतिपिंडे फारच जास्त असली तर रक्तातली पूरक प्रथिने मण्यावर गर्दी करतात, मोजणारा रेणू आत पोहोचत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. अशा वेळी सीरम पातळ करून किंवा त्यावर ठरावीक रसायनाची प्रक्रिया करून चाचणी पुन्हा करतात. एका लॅबमध्ये १,००० हा आकडा काळजीचा, तर दुसरीत २,०००ही चालून जातो. म्हणून दोन वेगळ्या लॅबचे एमएफआय शेजारी ठेवून 'वाढला' किंवा 'घटला' म्हणणे चूक आहे. एकाच लॅबमधले, एकाच पद्धतीने काढलेले, काही महिन्यांच्या अंतराचे आकडे मात्र खरोखर काही सांगतात.

घरातले कुणी मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या वाटेवर असेल तर हा अहवाल हातात येईलच. तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: आजवर किती वेळा दिवस गेले, त्यात झालेले गर्भपातही धरून, रक्त केव्हा आणि किती वेळा चढवले, आणि आधी एखादा अवयव बसवला होता का. मधल्या काळात पुन्हा रक्त चढवावे लागले तर तेही लॅबला कळवून नवा नमुना द्यावा, कारण जुन्या सीरमवर काढलेली यादी त्या दिवसापुरतीच खरी असते.